चादरीचं चौथं टोक

दोन दिवसांत माझ्या आजीला बारा वेळा उचललं. हा हिशेब मी नंतर केला, तिच्या कॉटशेजारच्या स्टुलावर बसून, मोबाईलच्या नोट्समध्ये. बाथरूमच्या फरशीवरून पलंगावर. पलंगावरून प्लास्टिकच्या खुर्चीत. खुर्चीतून अँब्युलन्सच्या स्ट्रेचरवर, तिथून कॅज्युअल्टीच्या टेबलावर, टेबलावरून ट्रॉलीवर, ट्रॉलीवरून एक्स-रेच्या टेबलावर, परत ट्रॉलीवर, ट्रॉलीवरून वॉर्डातल्या कॉटवर. हे पहिल्या दिवसाचे आठ. दुसऱ्या दिवशी ऑपरेशनला जाता-येता आणखी चार. आणि हे सगळं खुब्याचं हाड मोडलेल्या बाईला. ऑपरेशनचं दुखणं तिला आठवत नाही, कारण भूल होती. उचलण्याची दहा तरी दुखणी ती अजून क्रमाने सांगते.

डॉक्टर चांगले होते, हाड नीट बसलं, सिस्टर प्रेमळ होत्या. त्यामुळे ही तक्रार समजू नका. मला बोलायचंय ते वस्तूंबद्दल. आपण कवितेची समीक्षा करतो, सिनेमाची करतो, हल्ली वेब सिरीजच्या टायटल साँगवरही दोन-दोन हजार शब्द लिहून होतात. स्ट्रेचरची समीक्षा कुणी करत नाही. आणि खरं सांगायचं तर आयुष्याच्या अवघड दिवशी कवितेशी गाठ पडेलच असं नाही, स्ट्रेचरशी हमखास पडते.

सुरुवात हॉस्पिटलात होत नाही, घरात होते. आम्ही इंदिरानगरला राहतो, जॉगिंग ट्रॅकपासून चालत पाच मिनिटांवर, तिसऱ्या मजल्यावर. इमारत जुनी, लिफ्ट नाही. इंदिरानगरात अशा कितीतरी इमारती आहेत. घरं घेतली तेव्हा सगळे तिशी-पस्तिशीत होते, जिना हा विषयच नव्हता. आता इमारत आणि माणसं एकदमच म्हातारी झाली आहेत. अँब्युलन्सबरोबर आलेल्या पोराने जिन्याच्या वळणाकडे एकदा बघितलं आणि स्ट्रेचर खालीच ठेवलं. "खुर्ची आहे का काका, प्लास्टिकची? हातवाली?" त्याने बाबांना विचारलं.

प्लास्टिकची हातवाली खुर्ची हे आपल्याकडचं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं रुग्णवाहक साधन असावं. ती तशी कुणी बनवलेली नाही. लग्नाच्या पंगतीसाठी, गॅलरीत पेपर वाचण्यासाठी, गणपतीच्या मांडवासाठी बनवलेली ती वस्तू. हलकी, धुता येणारी, हाताला धरायला दोन दांडे असलेली. पण खुबा मोडलेल्या माणसाला काटकोनात बसवणं म्हणजे नेमकं मोडल्या जागीच वाकवणं. शिवाय खुर्चीचे पुढचे पाय धरून उलटा जिना उतरणाऱ्या माणसाला पायरी दिसत नाही. आमच्याकडे पुढे शेजारचे काका होते, मागे बाबा आणि तो पोरगा. आजीला ओढणीने खुर्चीला बांधलं होतं. दुसऱ्या मजल्यावर ती म्हणाली, "हळू रे बाबांनो, पोतं आहे का मी?"

हे वाक्य लक्षात ठेवा, पोत्याकडे परत यायचं आहे.

लांबीत दोन भाग होणारं 'स्कूप' स्ट्रेचर नावाची एक वस्तू असते. दोन्ही भाग दोन बाजूंनी अंगाखाली सरकवायचे आणि डोक्यापाशी-पायांपाशी खटका लावून जोडायचे, म्हणजे माणसाला उचलून वर ठेवावं लागत नाही, स्ट्रेचरच त्याच्याखाली येतं. अतिशय हुशार वस्तू. पण सपाट झोपलेला माणूस आमच्या जिन्याच्या वळणावर वळतच नाही. जिन्यासाठी पट्ट्यांवर घसरत उतरणाऱ्या खुर्च्याही असतात. त्या आमच्या वाट्याला आल्या नाहीत. म्हणजे साधनं आहेत, पण प्रत्येक साधन कुठल्यातरी दुसऱ्या इमारतीसाठी काढलेलं आहे. ही पहिली टीका.

बोगद्याखालच्या ट्रॅफिकमधून कसेबसे पलीकडे निघालो आणि हॉस्पिटलला पोहोचलो. त्यानंतर राज्य चादरीचं.

सिनेमात हे कधी दिसत नाही. सिनेमात पेशंट एकतर स्ट्रेचरवर असतो, धावत्या कॉरिडॉरमध्ये, वर ट्यूबलाइट सरकताहेत. नाहीतर बेडवर असतो, डोक्याला पांढरी पट्टी. या दोन शॉटच्या मधे एक कट असतो. तो कट म्हणजेच माझा विषय. 'व्हेंटिलेटर'मध्ये (२०१६) राजेश मापुसकरांनी एका आजाऱ्याभोवती सगळा गोतावळा हॉस्पिटलात आणून बसवला. नातेवाइकांचं राजकारण, विनोद, बाप-लेकाचं न बोललेलं सगळं त्यात आहे. पण तिथे भार आहे तो नात्यांचा. भावे-सुकथनकरांच्या 'अस्तु'मध्ये माहुताची बायको चन्नम्मा त्या हरवलेल्या म्हाताऱ्या पंडिताला आई होऊन सांभाळते. तिथे निदान स्पर्श आहे, शरीर आहे. मला चन्नम्मासारखीच पण वॉर्डातली कुणीतरी पडद्यावर बघायची आहे, जिची कंबर दुखते.

वॉर्डात त्यांना मामा आणि मावशी म्हणतात. किती गोड नाती लावतो आपण! वॉर्डबॉय मामा, आया मावशी. नातं लावलं की मग किती वजन उचलायचं हा प्रश्न विचारायची सोय राहत नाही. कॅज्युअल्टीतले मामा पन्नाशीचे असतील. त्यांनी आजीच्या अंगाखालच्या चादरीच्या कडा दोन्ही बाजूंनी गुंडाळल्या, मुठीत पीळ घातला आणि म्हणाले, "ताई, तुम्ही पायाकडून धरा." डोक्याकडे एक मामा, कमरेशी दुसरे, पलीकडे मावशी आणि चौथ्या टोकाला मी, बी.कॉम. झालेली, आयुष्यात गॅस सिलिंडरसुद्धा न उचललेली.

चादरीचं चौथं टोक नेहमी नातेवाइकाच्या हातात असतं. हॉस्पिटलच्या साधनांचं कुठलंही चित्र बघा, त्यात हा चौथा माणूस नसतो.

आता चादरीकडे वस्तू म्हणून बघू. तिच्या बाजूने बोलायचं तर ती सगळीकडे असते, शोधावी लागत नाही, उकळून धुता येते, ऊब देते आणि बाईच्या अंगावरचा गाऊन मागून उघडा पडला तर अब्रू झाकते. हे शेवटचं छोटं समजू नका, परदेशी कॅटलॉगमधल्या कुठल्याही पट्ट्याला ते जमत नाही. पण चादर विणली जाते ती गादीवर न सरकण्यासाठी. तिचा गुण तोच तिचा दोष. ७० किलोचा माणूस आहे आणि चादर व गादी यांच्यातलं घर्षण वजनाच्या निम्म्याएवढं आहे असं धरा. नुसतं ओढायला ३५ किलो उचलण्याएवढा जोर लागेल. तोही सरळ उभं राहून लावता येत नाही, मधे ट्रॉलीची रुंदी असते. हात लांब, पाठ वाकलेली. वजन पाठीच्या कण्यापासून जितकं दूर, तितका कण्यावरचा ताण वाढतो. हे शाळेतल्या तरफेचंच गणित. म्हणून माणसं ओढत नाहीत, उचलतात. उचललं की चादर मधे झोळ खाते आणि मोडलेला खुबा नेमका त्या झोळात.

त्यात कॉट आणि ट्रॉली यांची उंची कधी सारखी नसते. आमची लोखंडी कॉट खाली होती, ट्रॉली वर. कॉटला उंची बदलायची सोय नव्हती. ट्रॉलीला एक कळ होती, तिच्यावर पाय दिला तर ती नुसती कुरकुरली. चारांपैकी एक चाक स्वतंत्र विचारांचं होतं आणि ब्रेक लावलेला असताना ट्रॉली वीतभर सरकली. ती वीत आजीच्या आठवणीतल्या यादीत सहाव्या नंबरवर आहे.

हे लिहिताना एक गोष्ट सारखी मनात येते, जरा अभद्र आहे. मेलेल्या माणसाला वाहून नेण्याचं डिझाइन आपल्याकडे पक्कं आहे. तिरडी घ्या. दोन लांब बांबू, आडव्या कामट्या, सुतळी. कुठेही झोळ नाही, देह बांधलेला, भार चार खांद्यांवर सारखा. उंच माणसं एका बाजूला आणि बुटकी दुसऱ्या बाजूला झाली की कुणीतरी जाणता लगेच बदल करतो. थकलेल्याचा खांदा कसा बदलायचा हेही ठरलेलं. कुणाला शिकवावं लागत नाही, बघून येतं. जिवंत माणसाला उचलायची अशी एकही रीत आपण घडवली नाही.

रीत नाही म्हणणंही पूर्ण खरं नाही. याच नाशिक जिल्ह्यात पेठ-सुरगाण्याकडच्या पाड्यांवरून आजारी माणसाला, अडलेल्या बाईला झोळीतून आणतात. एक बांबू, त्याला घोंगडी किंवा लुगडं बांधलेलं, पुढे एक खांदा, मागे एक. दर पावसाळ्यात तो फोटो पेपरात येतो, आपण हळहळतो आणि पुढे स्क्रोल करतो. हळहळ योग्यच आहे, रस्ता हवाच. पण वस्तू म्हणून झोळी बघितली तर तिने एक गोष्ट बरोबर केली आहे. भार मुठीवर आणि वाकलेल्या कमरेवर न घेता खांद्यावर घेतला आहे, चालणारा सरळ उभा आहे. शहरातल्या हॉस्पिटलातली चादर त्याबाबतीत झोळीच्याही मागे आहे.

आता पोतं.

मराठी मुलखात वजन उचलणाऱ्यांनी आपल्या पाठीसाठी मोठा लढा दिला आहे. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली; ते मुळात डॉक्टर, नाना पेठेत दवाखाना चालवायचे, हमालांची दुखणी त्यांनी तिथे बघितली होती. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडी कामगारांना एकत्र आणलं. १९६९ साली माथाडी-हमाल कायदा झाला. शंभर किलोचं पोतं पन्नासवर आणावं यासाठी हमाल वर्षानुवर्षं झगडले. म्हणजे पोत्याला किलोचा आकडा मिळाला, तो झगडून मिळाला. कारखान्यांच्या १९४८च्या कायद्यात ३४वं कलम होतं: इजा होईल एवढं वजन कुणाला उचलायला लावू नये. वॉर्ड काही कारखान्यात मोडत नाही.

शेजारचे काका, खुर्चीचे पुढचे पाय धरून उतरलेले, अंबडच्या एका मशीन शॉपमध्ये आहेत. दुसऱ्या दिवशी भेटायला आले तेव्हा ते कॉटच्या पायाशी उभे राहून ट्रॉली न्याहाळत होते, माझ्यापेक्षा बारकाईने. म्हणाले, "आमच्याकडे एवढा जॉब हाताने उचलला तर सुपरवायझर अंगावर येतो. वर होइस्ट आहे, खाली लिफ्ट टेबल आहे. जॉब कधी उचलायचाच नाही, टेबल जॉबच्या लेव्हलला आणायचं आणि सरकवायचा." मग थोडं थांबून, "जॉबला स्क्रॅच पडला तर रिजेक्ट होतो ना."

इंदिरानगरपासून अंबडची एमआयडीसी म्हणजे स्कूटरने थोडंसं अंतर. तिथे ओतीव लोखंडाला जी वागणूक मिळते ती आजीला मिळावी, एवढीच खरं तर मागणी आहे.

अमेरिकेत कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेचा अभ्यास करणाऱ्या 'नायॉश' या सरकारी संस्थेतले थॉमस वॉटर्स यांनी २००७ साली पेशंटसाठीही एक आकडा मांडला: एका माणसाने हाताने ३५ पौंडांहून, म्हणजे साधारण १६ किलोंहून, जास्त भार घेऊ नये. पोत्यापेक्षा इतका कमी का? कारण पोतं अचानक हात आवळत नाही, घाबरून वळत नाही, त्याला सलाइन लावलेलं नसतं आणि ते छातीशी घट्ट धरता येतं. माणसाचा एक पाय शरीराच्या वजनाच्या साधारण सहावा हिस्सा भरतो. ७० किलोच्या माणसाचे दोन्ही पाय मिळून २२ किलोंच्या वर. म्हणजे "ताई, तुम्ही पायाकडून धरा" हे वाक्यच मर्यादेच्या बाहेर आहे.

मग साधनं कोणती आहेत? सगळ्यात साधी म्हणजे स्लाइड शीट, गुळगुळीत नायलॉनची उघड्या तोंडांची नळी. पेशंटखाली सरकवली की नायलॉनवर नायलॉन घसरतं आणि माणूस न उचलता पलीकडे जातो. कॉट आणि ट्रॉलीमधली फट भरायला कडक प्लास्टिकची फळी असते, तीही स्वस्तातली. आणि मग यांत्रिक लिफ्ट. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या टेड हॉयर नावाच्या, अपघातानंतर स्वतः हातापायांनी अधू झालेल्या माणसाने १९४०च्या दशकात हायड्रॉलिक लिफ्ट आणली. आजही तिला त्याच्याच नावाने ओळखतात. गॅरेजमध्ये इंजिन बाहेर काढायला असते तशीच घोडी, फक्त हुकाऐवजी कापडाचा झोका. जे उचलले जातात त्यांच्यापैकीच एकाने ती आणली, हे मला महत्त्वाचं वाटतं.

पण ही लिफ्ट आमच्या वॉर्डात चालली नसती. तिचे दोन लांब पाय कॉटखाली शिरावे लागतात. आपल्याकडे कॉटखाली संसार असतो: नातेवाइकाची चटई, कपड्यांची पिशवी, स्टीलचा डबा, चपला, पाण्याच्या बाटल्या. रात्री माणूसही. ज्याने ती लिफ्ट आखली त्याच्या वॉर्डात कॉटखाली फक्त फरशी होती. हे लिफ्टचं वाईटपण नव्हे. आपल्या वॉर्डाचं चित्र काढताना आपणच कॉटखाली बघत नाही.

स्लाइड शीटचं काय झालं ते ऐका. ती त्या हॉस्पिटलात होती. ऑपरेशन थिएटरच्या कपाटात, कुलपात. हरवू नये म्हणून. लाँड्रीत सुती चादरींबरोबर गेली की परत येत नाही, असं मावशी म्हणाल्या. किल्ली सिस्टरकडे, सिस्टर राउंडला. आणावं लागतं ते साधन वापरलं जात नाही आणि अडलेल्या मामांना दोष देऊन काही होत नाही. त्यांच्याकडे दोन मिनिटं असतात, खाली दुसरा पेशंट असतो.

मामांकडे स्वतःचं साधन होतं. ऑपरेशननंतर आजीला कॉटवर घेताना त्यांनी खिशातून घडी केलेली एक मोठी काळी कचऱ्याची पिशवी काढली, नवी कोरी. आजीला जरा कुशीवर केलं, पिशवी चादरीखाली सरकवली, "ताई, आता फक्त ओढा." आजी लोण्यासारखी सरकली. बारातली बारावी, एकटी न दुखलेली. (कमरेखाली भूल होती हेही खरं, पण श्रेय मी पिशवीलाच देते.)

इथे टाळ्या वाजवायचा मोह होतो. जुगाडाचं कौतुक आपल्याला फार. पण ती पिशवी अंगाखाली विसरली तर घाम साचतो, कातडी मऊ पडते, बेडसोरला आमंत्रण. तिला धरायला मूठ नाही, आणि उतारावर ती थांबत नाही. मामांनाही ते माहीत होतं, पिशवी त्यांनी लगेच ओढून काढली. मला त्यांच्या हुशारीचं कौतुक आहेच. पण पन्नाशीच्या माणसाला कमर वाचवायला स्वतःच्या खिशातून कचऱ्याची पिशवी आणावी लागते, याला कौतुकाशिवायही एखादा शब्द असला पाहिजे.

उचलण्या-वळवण्याचं हे काम किती मोठं असू शकतं, याचं उदाहरण सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे आणि तरी दिसलेलं नाही. केईएममधल्या परिचारिका अरुणा शानबाग. २७ नोव्हेंबर १९७३ला त्यांच्यावर हल्ला झाला, १८ मे २०१५ला त्या गेल्या. मधली ४१ वर्षं त्याच हॉस्पिटलातल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. पिंकी विराणींचं पुस्तक आलं (१९९८), दत्तकुमार देसाईंचं 'कथा अरुणाची' विनय आपट्यांनी रंगभूमीवर आणलं, २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा इच्छामरणावरचा निकाल आला. चर्चा गुन्ह्याची झाली, मरणाच्या हक्काची झाली. दोन्ही व्हायलाच हव्या होत्या. त्यात एक वाक्य येऊन जायचं: इतक्या वर्षांत त्यांना बेडसोर झाला नाही. ते वाक्य आपण भक्तिभावाने वाचलं. दर दोन तासांनी कूस बदलायची हा नर्सिंगचा नेहमीचा नियम. त्या हिशेबाने वर्षाला ४,३८० वेळा. ४१ वर्षांत पावणेदोन लाखांच्या वर. हा आकडा माझ्या गुणाकाराचा आहे, केईएमच्या नोंदीतला नाही. पण त्यातल्या प्रत्येक वेळी कुणाचे तरी दोन हात अंगाखाली गेले असणार. त्या पाठींचं काय झालं, हे कुठल्या नाटकात आहे? सेवा म्हटलं की आपण पाया पडतो, आणि पाया पडणाऱ्याला समोरच्याची पाठ दिसत नाही.

नवी साधनं घडवणारी मंडळी महाराष्ट्रात आहेत. आयआयटी मुंबईत २०१४ पासून 'बेटिक' हे वैद्यकीय उपकरणांचं केंद्र आहे, डॉक्टर आणि इंजिनिअर तिथे एका टेबलाशी बसतात. नाशिकमध्ये मूळचे नाशिककर असलेल्या, एमआयटीतल्या रमेश रासकरांच्या पुढाकाराने २०१५च्या कुंभमेळ्याच्या निमित्ताने 'कुंभथॉन' झालं, पुढे टीसीएसचं 'डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर' आलं. हे सगळं मला मनापासून आवडतं. माझं म्हणणं इतकंच की त्या टेबलाशी अजून दोन खुर्च्या हव्यात, एक मावशींची आणि एक चादरीचं चौथं टोक धरणाऱ्याची. डॉक्टर मांडतील ती अडचण हाडाची असेल. 'धुवून परत येईल का', 'कुलपात जाईल का', 'कॉटखालचा डबा कोण हलवणार' हे प्रश्न मावशीच विचारतील. आणि सेन्सर लावलेल्या, ॲपवर चालणाऱ्या ट्रॉलीचं पोस्टर दिसलं की मी आता पहिल्यांदा तिच्या चाकांकडे बघते.

आठव्या दिवशी आजीला घरी आणलं. खाली अँब्युलन्स, वर तीन मजले, मधे तीच खुर्ची. काकांनी या वेळी अंबडहून एक पट्टा आणला होता, जॉब उचलायचा, जाड विणीचा, जांभळा. ओढणीच्या जागी तो बांधला, दोन बाजूंना धरायला फासे काढले आणि फिजिओने सांगितल्याप्रमाणे आजीचा पाय पुढे फळीवर सरळ ठेवला. पट्ट्यावर एक चिठ्ठी शिवलेली होती. आजीने चष्मा मागितला.

"काय लिहिलंय गं यावर?"

"किती वजन पेलतो ते. एक टन."

"आणि मी?"

"अठ्ठेचाळीस किलो."

तिने चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली, चष्मा काढून माझ्याकडे दिला आणि काकांना म्हणाली, "उचला मग. पण आधी सांगून."